तेरा वर्षांवरील आई

रविवार, ७ जानेवारी

सकाळी पाणीकपातीची बातमी लिहायला बसलो होतो. पहिलं वाक्य जमेना, कारण नगरपालिकेला पाण्याबद्दल नक्की काय म्हणायचं आहे हे अजून नगरपालिकेलाही ठाऊक नाही. तेवढ्यात भाची येऊन टेबलाला टेकून उभी राहिली. वय आठ. पुढचा एक दात रजेवर, आवाज मात्र कायम कामावर. म्हणूनच घरात तिला टिटवी म्हणतात.

"मामा, तू पेपरवाला ना?"

"वार्ताहर. पेपरवाला वेगळा, तो वेळेवर येतो."

"मग खरं सांग. माझी आई मुलींना कोठडीत कोंडते?"

लेखणी खाली ठेवावी लागली.

तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, नटी आहे. आजवर तिच्या वाट्याला शेजारीण, परिचारिका, नाहीतर 'बाईसाहेब, कुणीतरी आलंय' एवढं सांगून आत जाणारी बाई, अशीच कामं आली. गेल्या वर्षी पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली. पोरक्या भाचीला सांभाळायला म्हणून आणायची, गोड गोड बोलत तिचं घर गिळायचं आणि आड आली की तिला कोठडीत कोंडायचं, अशी एक मावशी. सिनेमा गाजला. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'तेरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी' असं लिहिलं आहे, त्यामुळे आमच्या टिटवीने तो पाहिलेला नाही. आता तो घरोघरी टीव्हीवर आला, आणि तिच्या वर्गातल्या मुलांनी थोरल्या भावंडांच्या खांद्यावरून डोकावून पाहून टाकला. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने जाहीर केलं आहे की यापुढे ती आमच्याकडे खेळायला येणार नाही.

भरीस भर म्हणून शाळेत या महिनाअखेरच्या शनिवारी प्रत्येकाने घरचं एक माणूस न्यायचं आहे. त्या माणसाने आपण काय काम करतो ते वर्गाला सांगायचं. टिटवीने आईचं नाव केव्हाच देऊन टाकलं आहे.

"सगळे तिला विचारणार. सगळ्यांनी पाहिलाय, मीच नाही पाहिला. आई माझी आणि मलाच माहीत नाही!"

पूर्वपक्ष इतका भक्कम की मला उत्तरपक्ष सुचेना. सुटका बहिणीनेच केली. कंगवा घेऊन मागच्या पायरीवर बसली होती, तिथून हाक आली. टिटवीचे केस कमरेपर्यंत आहेत आणि त्यांना हात लावायचा अधिकार जगात एकाच व्यक्तीला. ती आईच्या गुडघ्यांमध्ये बसली, बहीण रोजच्यासारखं म्हणाली, "डोकं माझ्याकडे, लक्ष कुठेही," आणि टिटवीचं लक्ष खरोखरच कुठेही गेलं. मुंग्या, शेजारचं मांजर, गणिताच्या बाई. वेणी पुरी होईपर्यंत त्या दोघींना तिसरा माणूस दिसत नाही.

पाणीकपात राहिली ती राहिलीच.

सोमवार, ८ जानेवारी

टिटवी शाळेत गेल्यावर बैठक भरली. मेहुणे, म्हणजे टिटवीचे बाबा, भूल देणारे डॉक्टर आहेत. माणसांना झोपवण्याचं काम इतकी वर्षं केल्यामुळे घरातही ते थोडकं आणि सावकाश बोलतात.

"पाटीवर तेरा लिहिलंय," ते म्हणाले. "आठ वर्षांच्या मुलीला मी तेराची मात्रा देत नाही."

"डॉक्टर, सिनेमा म्हणजे काही इंजेक्शन नव्हे."

"खरंय. इंजेक्शनचा अंमल उतरतो तरी."

बहीण शर्टांना इस्त्री करत होती. एकाच बाहीवरून तिसऱ्यांदा इस्त्री फिरवत म्हणाली, "ती घाबरेल याची तुम्हाला काळजी आहे. मला वेगळीच आहे. शूटिंग संपलं की तो चेहरा मी तिथेच धुऊन घरी यायचे. तिने तो कधी पाहिलेला नाही. एकदा पाहिला की मी साधी जेवायला हाक मारली तरी ती आधी वळून बघेल, आज कुठली आई आहे ते. तसं बघणं मला सोसायचं नाही."

"मग सरळ नाही म्हणून टाक."

"नाही म्हटलं की मैत्रिणी सांगतात तेवढंच खरं ठरतं, दादा. आणि शनिवारी सगळ्या वर्गासमोर ते तिच्या अंगावर येणार."

दोन्हीकडून पेच. शेवटी दोघांनी मिळून तो माझ्या गळ्यात घातला: मी सिनेमा पाहावा आणि काय ते ठरवावं. "तू तटस्थ आहेस," बहीण म्हणाली. इतकी वर्षं वार्ताहर आहे, पण हा आरोप माझ्यावर पहिल्यांदाच झाला.

बुधवार, १० जानेवारी

दुपारी एकटा बसून पाहिला. (सिनेमाचा एवढा गाजावाजा, पण तोवर मीही पाहिलेला नव्हता. सख्ख्या बहिणीचं काम पाहायला मन धजत नाही. वाईट झालं असेल तर खोटं बोलावं लागतं.)

काम वाईट नाही. भयंकर आहे, म्हणजे उत्तम आहे. मारहाण फारशी नाही. पण कोठडीचं दार लावून घेतल्यावर ही बया ओरडतही नाही. किल्ली पदराला पुसते, दाराला गाल लावते आणि हळूच म्हणते, "मी इथेच आहे हं." मी उठून दिवा लावला. दुपार होती तरीही.

संपलं आणि बहीण चहा घेऊन आली. मी कपात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"काय रे?"

"काही नाही. फार छान केलंयस."

"मग पी की."

"निवू दे जरा."

ती पोट धरधरून हसली. हसता हसता एकाएकी थांबली. "बघ," म्हणाली. "तू पन्नाशीचा घोडा, माझ्याबरोबर लहानाचा मोठा झालास. तुझी ही गत."

गुरुवार, ११ जानेवारी

युक्ती सुचली. लहानपणी संस्कृत पाठशाळेत मुरलेला संस्कार असा कुठे ना कुठे उपयोगी पडतो. सिनेमा रसांप्रमाणे निवडून घ्यायचा. रौद्र, भयानक, बीभत्स या तिघांना हद्दपारी. करुणालाही सध्या ओट्यावर बसवून ठेवायचं. उरतं ते निव्वळ वात्सल्य: मावशी गोड वागते ते सगळे प्रसंग. वात्सल्याला रस म्हणावं की नाही यावरच पंडितांचा पूर्वापार वाद. ज्याला पंगतीत पानही मिळालं नाही, त्या बापड्यापासून कोणाला अपाय होणार?

म्हणजे टिटवीने सिनेमा पाहिला असंही होईल आणि तिला काही दिसलं नाही असंही होईल. रिमोट माझ्या हातात. डॉक्टरांना योजना सांगितली. ते म्हणाले, "हं." हा होकार धरला.

शनिवार, १३ जानेवारी

कार्य सिद्धीस गेलं!

डॉक्टर रुग्णालयात होते. बहिणीला बसवेना, ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि बराच वेळ वाळत घालत राहिली. मी आणि टिटवी पडद्यासमोर. कोठडीचा वास आला की मी बटण दाबायचो आणि माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु पळायची. अंगठा भरून आला, पण एक किंकाळी निसटू दिली नाही.

राहिलं ते किती प्रसन्न! मावशी त्या मुलीला फ्रॉक शिवते. तापात तिच्या कपाळावर हात ठेवते. तिला गुडघ्यांमध्ये बसवून केस विंचरते आणि म्हणते, "डोकं माझ्याकडे, लक्ष कुठेही." मला एकदम भरून आलं. टिटवीला कोपराने डिवचलं, "ऐकलंस का? तुमच्या घरचं वाक्य पडद्यावर गेलं!"

तिने आपली वेणी मुठीत घट्ट धरली होती. मुलं अशी रंगून जातात.

शेवटी म्हणाली, "ती मुलगी केवढी आहे?"

"नऊ-दहा असेल."

"तिला तिची आई नाहीये का?"

"सिनेमात नाही. खरी असणारच की."

"मग तिने तिच्या आईकडून विंचरून घ्यावं," टिटवी म्हणाली आणि खाली खेळायला गेली.

बहीण वरून येऊन दारात उभी. "घाबरली?"

"छे! शेवटी केशभूषेवर चर्चा झाली आमची."

रविवार, १४ जानेवारी

आज एक सन्मान लाभला. सकाळी टिटवी कंगवा घेऊन माझ्याच खोलीत आली. "मामा, तू वेणी घाल."

"अगं, आई मोकळी आहे की."

"तिला काम असेल."

बहीण मागच्या पायरीवर बसून होती. तिला काहीही काम नव्हतं, हे मला खिडकीतून दिसत होतं. पण लेकराचा हट्ट. मी सुरुवात केली, "डोकं माझ्याकडे..."

"ते नको म्हणू."

माझ्या घोगऱ्या आवाजाला ते शोभत नसावं. गुमान वेणी घातली. ती वेणी कमी आणि विहिरीचा दोर जास्त दिसत होती. दोनदा चांगलीच ओढली गेली, पण टिटवी हूं की चूं नाही. "ओढलंस तरी चालेल," एवढंच म्हणाली. गुणी पोर.

मंगळवार, १६ जानेवारी

टिटवीने केस कापून घेतले. कानाच्या वर. काल सकाळपासून घोशा लावला होता, आज डॉक्टर तिला दुकानात घेऊन गेले. परत आली तर ओळखू येईना. मान दिसायला लागली, थेट लहानपणीच्या बहिणीची मान.

"गरम होतं," असं कारण सांगितलं. मी अंगात स्वेटर घालून बसलो होतो. तरी पटलं.

"आणि आता विंचरायलाच लागत नाही," आईकडे न पाहता म्हणाली.

बहीण म्हणाली, "छान दिसतंय हं," आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागली.

आणखी एक आनंदाची गोष्ट. महिनाअखेरच्या त्या शनिवारी शाळेत टिटवी मला नेणार! बाईंना सांगून नावही बदलून आली. वृत्तपत्रव्यवसायाचं महत्त्व पोरीला उशिरा का होईना कळलं म्हणायचं. भाषणाची तयारी सुरू केली आहे. आरंभी 'वार्ता' शब्दाची व्युत्पत्ती घ्यावी काय? आठ वर्षांच्या मुलांना झेपेल. मला त्या वयात झेपली होती.

गुरुवार, १८ जानेवारी

भाषणाचा उतारा वाचून दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. बहीण नळ सोडून नुसती उभी होती. आधीच पाणीकपात. मी नळ बंद केला.

"ती मला घाबरते, दादा."

"कशावरून? मी भयानकाचा एक कणही..."

"मी जवळ गेले की उठून जाते. काल पांघरूण घालायला गेले तर म्हणाली, 'मी घेते माझं.' शाळेतून माझं नाव काढलं. केस कापले! तुला अजून काय व्हायला हवंय, पेपरात यायला हवंय?"

मी म्हणालो, मी ठेवलेलं सगळं निरुपद्रवी आहे. ती म्हणाली, दाखव. दाखवलं. फ्रॉक झाला, ताप झाला. केस विंचरण्याचा प्रसंग आला आणि तिने तोंडावर हात दाबला.

"हे ठेवलंस तू?"

"यापेक्षा सोज्ज्वळ काय असतं?"

"दादा, हे लिहिलेलं नव्हतं." तिने चित्र तिथेच थांबवलं. "संहितेत नुसतं 'मावशी केस विंचरते' एवढंच होतं. मला जमेना. दिग्दर्शक म्हणाले, घरी करता तसं करा. मी घरचं उचलून तिथे ठेवलं. लोकांनी त्याचंच फार कौतुक केलं."

"मग टिटवीलाही अभिमानच वाटायला हवा ना?"

बहीण माझ्याकडे पाहत राहिली. याने लग्न केलं नाही ते बरं झालं की वाईट, असा काहीसा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. मी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

शुक्रवार, १९ जानेवारी

संध्याकाळी बहीण टिटवीच्या खोलीत गेली. मी पुढच्या खोलीत होतो, दार उघडं होतं. वार्ताहराने ऐकू नये असं काही असेल तर लोक दार लावतात.

"टिटवे, रागावलीस?"

"नाही."

"विंचरण्याचा तो भाग पाहिलास ना?"

एकदम बांध फुटला. "ते आपलं होतं! तू तिला का दिलंस? ती कोण आहे? आता सगळ्यांना माहीत झालं. बाकावरचीसुद्धा मला म्हणते, डोकं माझ्याकडे, आणि हसते!"

मला वाटलं, आता बहीण सांगेल की बाळा, तो अभिनय होता. मी असतो तर तेच सांगितलं असतं, वर थोडं शास्त्रही. ती म्हणाली, "हो गं. दिलं मी. तुला विचारायला हवं होतं."

रडणं जरा ओसरल्यावर टिटवीचा आवाज, "आणि मामाने पळवलं ते काय होतं?"

"ते वाईट होतं."

"मग मला वाईट दाखव. तिच्याशी वाईट वागलीस ते मला बघायचंय."

रात्रीच्या जेवणाला डॉक्टरांपुढे सगळं प्रकरण ठेवलं. मला वाटलं, ते पुन्हा पाटी दाखवतील. त्यांनी पाण्याचा पेला संपवला आणि म्हणाले, "मी आजही तेराच म्हणतो. पण तुम्ही तिला अर्धी भूल दिलीत. आमच्याकडे त्याहून वाईट काही नसतं. माणूस हलू शकत नाही आणि त्याला सगळं कळत असतं." मग माझ्याकडे वळून, "भाऊसाहेब, रिमोट या वेळी माझ्याकडे."

रविवार, २१ जानेवारी

भरदुपारी, पडदे सारून, दिवे लावून, चौघं एका सोफ्यावर. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं, "कधीही 'बंद' म्हण, बंद करीन. कोणी हसणार नाही." सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. मी कशाला हसेन?

टिटवी बहिणीपासून हातभर अंतर ठेवून, ताठ. मुलीचा फ्रॉक फाडला, टिटवी ताठ. जेवणाचं ताट उचलून नेलं, ती ताठच, किंचित समाधानीही, असं मला वाटलं. मग कोठडी आली. किल्ली पदराला पुसली गेली. मावशीने दाराला गाल लावला. "मी इथेच आहे हं."

हातभर अंतर कुठे गेलं कळलं नाही. टिटवी बहिणीच्या पदराखाली होती, काखेत तोंड खुपसून, पाय वर घेऊन.

"बंद करू?" डॉक्टर.

"नको. गेली का ती?"

"अजून नाही," बहीण तिच्या कानाशी म्हणाली. "घाबरू नको, ते दार नुसतं फळीचं..."

"आई, हळू बोल!" पदराखालून कुजबुज आली. "ती ऐकेल."

बहिणीने तिला आणखी आत ओढलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी पडद्याकडे पाहत होतो, पण मला तिथलं काही सांगता येणार नाही.

सिनेमा संपल्यावरही ती बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "कोंडणारी तू नव्हतीस."

"नव्हते."

"पण विंचरणारी तूच होतीस."

"हो. ती मीच होते."

"म्हणून मला राग आला."

"कळलं मला. उशिरा कळलं."

मंगळवार, २३ जानेवारी

टिटवी एकटी न्हाणीघरात जात नाही. दोन रात्री आईबाबांच्या मध्ये झोपते आहे. डॉक्टर आज दाढी करता करता म्हणाले, "तेरा म्हणजे तेरा, भाऊसाहेब. पाटी लिहिणारे अगदीच मूर्ख नसतात." मान्य करावं लागलं. फक्त पाटीवर भयाची मात्रा लिहिलेली असते. दुसरी कसली मात्रा किती चढेल, ते घरागणिक वेगळं असणार, आणि घरातला पंडित ते ओळखेलच असं नाही.

शाळेत नाव पुन्हा बदललं. मी आता जाणार नाही. "मामा, तुला वाईट वाटलं?" टिटवीने विचारलं. मी म्हणालो, छे. व्युत्पत्ती वाया गेली, एवढंच.

शनिवार, २७ जानेवारी

तरी गेलोच. मागे, गुडघे कानाला लागतील अशा खुर्चीवर बसलो. आधी एका मुलाचे बाबा होते, लिफ्ट दुरुस्त करणारे. त्यांनी मुलांना जिंकलं. मग बहीण उभी राहिली. पहिल्या बाकावरची दोन मुलं बाक मागे सरकवू लागली.

बहिणीने सांगितलं की ती निरनिराळी माणसं होते आणि घरी परत येते. तिचं अर्धं लक्ष टिटवीकडे होतं. मग ती बाकावरची मैत्रीण, सिनेमातली सगळी वाक्यं पाठ असलेली, उठून उभी राहिली.

"काकू, ते करून दाखवा ना. केस विंचरताना म्हणता ते. डोकं माझ्याकडे."

बहिणीने खडू उचलला, पुन्हा ठेवला. या बाईला मी भरल्या नाट्यगृहात वाक्य विसरलेली पाहिलेली नाही. तिने टिटवीकडे पाहिलं. सगळा वर्ग टिटवीकडे पाहू लागला. टिटवी उभी राहिली, कान लाल, कापलेले केस चहूकडे उभे.

"ते नाही," ती म्हणाली. "कोठडीतलं कर, आई. वाईट कर. चांगलं घरी."

बहिणीने फळ्याच्या कडेला गाल लावला आणि "मी इथेच आहे हं" इतक्या हळू म्हणाली, की मागच्या खुर्चीवर माझ्या अंगावर काटा आला. सारा वर्ग किंचाळून बाकांखाली गेला. लिफ्टवाले गृहस्थही खुर्चीसकट मागे सरकले.

एकटी टिटवी उभी होती. आईकडे बघत, न घाबरता, मालकिणीसारखी.